अर्धा इंच कुठे आहे?

सातवी-आठवीच्या वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. त्यासाठी अर्ध्या इंची जीआय पाइपाचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा, वीतभर तुकडा लागेल. नळकाम करणाऱ्या कोणाकडेही असे तुकडे पडलेले असतात. तुकड्याभोवती कागदाची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळा, एक वेढा पूर्ण होतो तिथे पेन्सिलने खूण करा, पट्टी उलगडा आणि मोजा. लांबी सुमारे ६७ मिलिमीटर भरेल. तिला ३.१४ ने भागले की पाइपाचा बाहेरचा व्यास मिळतो, २१ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर!

वर्गातले हुशार विद्यार्थी लगेच म्हणतील, "सर, मग आतला व्यास अर्धा इंच असेल." आतला व्यासही मोजायला सांगा. मध्यम जाडीचा, निळ्या पट्ट्याचा पाइप असेल, तर तो १६ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे अर्धा इंच बाहेर नाही आणि आतही नाही. मग तो आहे कुठे?

दुकानदार आपल्याला फसवत नाही. भारतीय मानकानुसार या पाइपाचा बाहेरचा व्यास इतकाच असला पाहिजे. 'अर्धा इंच' हे आता माप उरलेले नाही, ते एक नाव आहे. नाव आणि माप यांची फारकत कशी झाली, हे शोधायला गेलो की आपण थेट बंदुका, गॅसचे दिवे आणि जळणाऱ्या शहरांपर्यंत जाऊन पोचतो.

दुकानातले गणित

आधी हार्डवेअरच्या दुकानात एक चक्कर मारू. भिंतीवर कप्प्यांच्या रांगा असतात. एल्बो, टी, सॉकेट, निप्पल, युनियन, रिड्यूसर, प्लग, कॉक असे प्रकार; आणि प्रत्येकाचे अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन इंची असे आकार. हा माल एका कारखान्यातून आलेला नसतो. व्हॉल्व्ह कदाचित जालंधरचे असतील, पितळी भाग जामनगरचे, पाइप तिसऱ्याच राज्यातला. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारातून तो तालुक्याच्या दुकानात येतो. या कारखानदारांची एकमेकांशी ओळख नसते, पत्रव्यवहार नसतो. तरीही एकाचा नळ दुसऱ्याच्या पाइपावर फिरून घट्ट बसतो. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, इतके हे नेहमीचे झाले आहे.

आता कल्पना करा की प्रत्येक कारखानदाराचे आटे वेगळे आहेत. दुकानात जोडणीच्या वस्तूंचे १२ प्रकार आणि ६ आकार असतील, तर आज ७२ कप्पे पुरतात. ५ कारखानदारांचे आटे वेगवेगळे असले, तर तेच कप्पे ३६० होतील. शिवाय एकाचा पाइप दुसऱ्याच्या पाइपाला जोडायचा म्हटले, तर प्रत्येक जोडीसाठी खास जोड हवा. ५ जणांच्या जोड्या होतात १०, आणि ६ आकारांसाठी ६० खास जोड. कारखानदार २० झाले, तर जोड्या १९० होतात. निवड व जोड्यांचे गणित शिकवताना हे उदाहरण फळांच्या टोपलीपेक्षा जास्त जिवंत वाटेल.

इतका माल कोणताही दुकानदार ठेवू शकणार नाही. मग काय होईल? ज्याचा पाइप घरात बसला, त्याच्याच दारात प्रत्येक वेळी जावे लागेल. त्याने किंमत वाढवली तरी बोलायची सोय नाही, आणि त्याचा कारखाना बंद पडला तर भिंत फोडून सगळे नळकाम नव्याने करावे लागेल. म्हणजे घाऊक व्यापार ही गोष्ट केवळ भांडवलावर आणि वखारींवर उभी नाही. दोन अनोळखी माणसांनी बनवलेल्या वस्तू एकमेकींत बसतील, या विश्वासावर ती उभी आहे. हा विश्वास नेहमीच नव्हता.

ज्याची त्याची चाकी

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बोल्ट आणि त्याची चाकी, म्हणजे नट, जोडीनेच तयार होत. कारागीर हाताने आटे पाडी. एका बोल्टची चाकी दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. म्हणून यंत्र उघडताना कोणती चाकी कोणत्या बोल्टची, याच्या खुणा जपाव्या लागत. लंडनच्या हेन्री मॉड्स्ले यांनी १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचे अचूक लेथ तयार केले आणि एकाच कारखान्यातले आटे एकसारखे होऊ लागले. परंतु प्रत्येक कारखान्याचे 'एकसारखे' निराळे होते. मँचेस्टरमध्ये तुटलेला बोल्ट लंडनच्या यंत्राचा असेल, तर नवा लंडनहूनच आणावा लागे.

मॉड्स्ले यांच्याच कारखान्यात काम केलेला एक तरुण म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. जन्म १८०३, स्टॉकपोर्टचा. १८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. रेल्वेचा काळ सुरू झाला होता. इंजिने जिथे बनत, तिथून शेकडो मैलांवर ती बिघडत. हा गोंधळ संपवण्यासाठी व्हिटवर्थ यांनी जे केले, ते विज्ञानाच्या शिक्षकाने मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्यांनी स्वतःचा आटा सर्वांत चांगला आहे असा दावा केला नाही. इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून त्यांनी बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांच्या सरासरीवर आपली पद्धत बसवली. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश, टोके आणि खाचा गोलसर, आणि प्रत्येक व्यासासाठी इंचाला किती आटे याचे एक कोष्टक. १८४१ मध्ये त्यांनी हा प्रस्ताव लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला.

५५ अंशांत निसर्गाचा कोणताही नियम दडलेला नाही. ५४ किंवा ५७ अंशांनीही काम भागले असते. पण सरासरी निवडल्याने कोणालाच फार बदलावे लागत नव्हते आणि कोणीच पूर्ण हरत नव्हते. पुढच्या वीसेक वर्षांत ब्रिटनमधल्या रेल्वे आणि कारखान्यांत व्हिटवर्थचे आटे रूढ झाले.

बंदुकीच्या नळीतून गॅस

आता पाइपाकडे वळू. विल्यम मर्डॉक यांनी १७९२ मध्ये इंग्लंडमधील रेडरुथ गावी दगडी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर आपले घर उजळले. १८१२ मध्ये लंडनला गॅस पुरवणारी कंपनी सनद घेऊन उभी राहिली आणि रस्तोरस्ती दिवे लागू लागले. रस्त्याखालून जाणारे मोठे नळ ओतीव लोखंडाचे असत. पण घरात शिरणाऱ्या बारीक नळ्या आणायच्या कुठून? लांब, पोकळ आणि मजबूत लोखंडी नळी बनवण्याचे कसब तेव्हा एकाच धंद्याकडे होते, तो म्हणजे बंदुकांचा. बंदुकीच्या नळ्या एकमेकींना जोडून सुरुवातीची गॅसवाहिनी तयार झाली. इंग्रजीत बंदुकीच्या नळीला 'बॅरल' म्हणतात. ब्रिटिश नळकारागीर लोखंडी पाइपाच्या तुकड्यालाही बॅरलच म्हणत आले आहेत.

बंदुकीच्या नळ्या बनवणाऱ्या वेन्सबरी गावातच कॉर्नेलियस व्हाइटहाउस यांनी १८२५ मध्ये नळी बनवण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. लोखंडाची पट्टी लालबुंद तापवायची आणि एका साच्याच्या तोंडातून ओढून काढायची. पट्टी वळते, तिच्या कडा एकमेकींना भिडतात आणि तिथेच सांधल्या जातात. पूर्वी हातोड्याने ठोकून होणारे काम आता ओढून होऊ लागले. पाइप स्वस्त झाला, आणि घरोघरच्या नळकामाचा व वाफेने घर तापवण्याच्या सोयीचा धंदा उभा राहिला.

आपल्या कोड्याचे उत्तर इथे आहे. त्या काळच्या लोखंडाचा भरवसा कमी, म्हणून नळीची भिंत जाड ठेवावी लागे. आतले भोक अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना चार-सव्वाचार मिलिमीटर जाडी. बेरीज होते २१ च्या आसपास! आटे पाडले गेले ते या बाहेरच्या अंगावर, आणि सॉकेट, एल्बो, कॉक हे सारे त्या बाहेरच्या मापाला बसतील असे बनले. पुढे लोखंडाऐवजी पोलाद आले. पातळ भिंतही पुरेशी मजबूत ठरू लागली. आता भिंत पातळ करायची तर बाहेरून छिलायची की आतून? बाहेरून छिलली, तर बाजारातले सगळे जोड निरुपयोगी झाले असते. म्हणून बाहेरचे माप तसेच राहिले आणि आतले भोक मोठे होत गेले. नाव मात्र जुन्या भोकाचे राहिले. 'अर्धा इंच' म्हणजे आता अस्तित्वात नसलेल्या पाइपाचे भोक आहे.

पाइपाच्या आट्याला बोल्टच्या आट्यापेक्षा एक काम जास्त असते. बोल्टने फक्त धरून ठेवायचे, पाइपाने पाणी आणि वायूही अडवायचे. त्यासाठी पाइपाच्या टोकाचे आटे किंचित निमुळते पाडतात. १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने वाढतो. त्यामुळे जोड फिरवत जावे तसा तो आवळत जातो. तरी आट्यांच्या टोकाशी सर्पिल फट उरतेच. ती बुजवायला पूर्वी ताग आणि शिशाचा सफेदा लावत. शिसे विषारी आहे, हे तेव्हा फार कोणी मनावर घेतले नाही. आज टेफ्लॉनची टेप गुंडाळतात. अर्ध्या इंची पाइपावर इंचाला १४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर सुमारे १.८ मिलिमीटर. मुलांना पट्टी लावून मोजता येईल. या आट्याचा कोन आहे ५५ अंश, म्हणजे व्हिटवर्थचाच.

अटलांटिकच्या पलीकडे

अमेरिकेने वेगळी वाट धरली. एप्रिल १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी आपली पद्धत मांडली. त्यांचा आक्षेप साधा होता. व्हिटवर्थचे गोलसर टोक बनवायला कुशल कारागीर आणि अनेक हत्यारे लागतात; ५५ अंशांचा कोन तपासणेही सोपे नाही. सेलर्स यांनी कोन ६० अंश घेतला, कारण तो समभुज त्रिकोणाचा कोन आहे आणि सहज तपासता येतो. टोके सपाट ठेवली, कारण सपाट टोक कोणत्याही साध्या कारखान्यात करता येते. व्हिटवर्थ यांनी जे चालू होते त्याची सरासरी घेतली. सेलर्स यांनी जे करायला सोपे ते निवडले. दोन्ही विचार आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच जगात दोन पद्धती झाल्या.

पाइपाच्या आट्यांसाठी फिलाडेल्फियाच्याच पास्कल आयर्न वर्क्समधील रॉबर्ट ब्रिग्ज यांनी तपशीलवार मापे तयार केली. १८८६ मध्ये अमेरिकी कारखानदारांनी ती मान्य केली. याच काळात शिकागोच्या रिचर्ड क्रेन यांनी १८५५ मध्ये एका लहानशा पितळी ओतशाळेपासून सुरू केलेली कंपनी पाइप, व्हॉल्व्ह आणि वाफेने घर तापवण्याच्या साहित्याची मोठी पुरवठादार बनली. इतर शहरांतही तिच्या वखारी झाल्या. एका शहरातल्या वखारीतला व्हॉल्व्ह दुसऱ्या शहरातल्या घरात बसतो, ही खात्री नसती, तर असा व्यापार वाढला नसता.

ब्रिटिश आणि अमेरिकी अर्ध्या इंची आट्यांची गंमत पाहा. दोन्हींत इंचाला १४ आटे. त्यामुळे एकावर दुसरा जोड फिरू लागतो, बसल्यासारखाही वाटतो; पण कोन ५५ आणि ६०, म्हणून पाणी ठिबकत राहते. एक इंची आकारात तर ब्रिटिश आटे ११ आणि अमेरिकी साडेअकरा. दोन-तीन वेढ्यांतच ते अडकतात. परदेशी उपकरणे वापरणाऱ्या आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना हा फरक चांगलाच परिचयाचा आहे. अजिबात न जुळणाऱ्या वस्तूपेक्षा जवळजवळ जुळणारी वस्तू जास्त त्रास देते.

बाल्टिमोरची आग

रविवार, ७ फेब्रुवारी १९०४. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कापडचोपडाच्या एका घाऊक पेढीच्या इमारतीत आग लागली. वारा जोराचा होता. शहराने शेजाऱ्यांना तारा केल्या. वॉशिंग्टनहून आगीचे बंब रेल्वेने निघाले आणि काही तासांत पोचले. मागून फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क आणि इतर ठिकाणचे बंबही आले. माणसे होती, यंत्रे होती, नळाला पाणी होते. पण बाहेरून आलेल्या अनेक पथकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या नळांना बसेनात. प्रत्येक शहराने आपले आटे आपल्यापुरते ठरवले होते.

आग तीस तासांच्या आसपास धुमसत राहिली आणि शहराच्या मध्यवर्ती भागातल्या १,५०० पेक्षा जास्त इमारती जळाल्या. आटे जुळले असते तर शहर वाचलेच असते, असे म्हणता येणार नाही. वाऱ्याचा आणि दाट इमारतींचा वाटा मोठा होता. पण मदत दारात येऊन उभी राहिली आणि हात बांधल्यासारखी झाली, हे खरे.

१९०१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने नंतर देशभरातले अग्निशामक नळ्यांचे जोड गोळा केले. त्यांत ६०० हून अधिक तऱ्हा आढळल्या. एक राष्ट्रीय मानक ठरलेही. तरी आगीनंतर शंभर वर्षांनीसुद्धा अमेरिकेतली कित्येक मोठी शहरे त्या मानकाप्रमाणे झाली नव्हती. जुने नळ बदलण्याचा खर्च आज दिसतो, उद्याची आग दिसत नाही.

हाच धडा दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर मिळाला. ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रे एकाच आघाडीवर, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याला चालेना. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एकाच आट्याचा करार केला. कोन ठरला ६० अंश. बोल्टच्या बाबतीत व्हिटवर्थ मागे पडले.

आपल्या भिंतीतला वारसा

पाइपाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. त्याच दशकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. यासाठीचे साहित्य ब्रिटनहून येई, आणि त्याबरोबर आले ब्रिटिश पाइपाचे आटे. नंतर इथे कारखाने निघाले, पण त्यांना आधीच भिंतीत बसलेल्या पाइपांना जुळवून घेणे भागच होते.

१९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली, डॉ. लाल चंद वर्मन तिचे पहिले संचालक. १९८७ मध्ये तिच्या जागी भारतीय मानक ब्युरो आला. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि १९६० च्या दशकात शेर, मण, गज मागे पडले. पाइपाचे नाव सरकारी कागदावर १५ मिलिमीटर झाले. पण आटे बदलले नाहीत. बदलण्याचे कारणही नव्हते, कारण मेट्रिक पद्धतीचे माहेरघर असलेल्या फ्रान्ससह युरोपनेही पाइपासाठी व्हिटवर्थचेच आटे घेतले होते, आणि आंतरराष्ट्रीय मानकानेही तेच स्वीकारले. इटलीत आणि फ्रान्समध्ये कारागीर त्यांना आजही 'गॅसचे आटे' म्हणतात. गॅसचे दिवे कधीच विझले, आटे राहिले.

आज घरोघरी प्लास्टिकचे, सीपीव्हीसीचे पाइप बसतात. त्यांच्या अर्ध्या इंची पाइपाचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा तिसरेच माप! पण जिथे नळ बसवायचा, तिथे त्या प्लास्टिकच्या जोडात पितळेची आटेदार कडी बसवलेली असते. त्या कडीवर इंचाला १४ आटे आहेत आणि कोन ५५ अंश आहे. पाइपाचा पदार्थ बदलला, बनवण्याची रीत बदलली, मोजमापाची पद्धत बदलली. जिथे एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूला भेटते ती जागा मात्र बदलली नाही.

वर्गात या इतिहासाचा उपयोग एवढ्यासाठी करावा की, विज्ञानाच्या पुस्तकातल्या संख्या दोन तऱ्हांच्या असतात, हे मुलांना कळावे. प्रकाशाचा वेग आपण शोधला, आट्याचा कोन आपण ठरवला. पहिल्या तऱ्हेच्या संख्येसाठी प्रयोगशाळा लागते, दुसरीसाठी लोकांना एकत्र बसावे लागते आणि कोणाला तरी आपला हट्ट सोडावा लागतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून मोबाइल फोनला एकाच प्रकारचे चार्जर बंधनकारक केले, तेव्हाही वाद हाच होता. आपला जोड वेगळा ठेवण्यात बनवणाऱ्याचा फायदा असतो, सारखा ठेवण्यात वापरणाऱ्याचा.

मुलांना एक यादी करायला सांगा: घरातल्या कोणत्या वस्तू कोणत्याही कंपनीच्या आणल्या तरी बसतात, आणि कोणत्या एकाच कंपनीच्या घ्याव्या लागतात? दिव्याचा होल्डर, घड्याळातला सेल, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली नळकांडी, छपाईयंत्राची शाई. प्रत्येक वस्तूपुढे विचारायला लावा: हे कोणी ठरवले असेल, आणि कोणाच्या सोयीसाठी?